जोखमीच्या बाळंतपणात आरोग्य केंद्र आणि तज्ज्ञ यांचा मेळ कसा घालावा

गरोदर महिलेची नोंदणी पहिल्या 12 आठवड्यांत व्हावी, याची काळजी आशा आणि आरोग्यसेविका यांनी मिळून घ्यावी. सुरुवातीचा रक्तदाब नोंदलेला नसेल, तर सातव्या महिन्यात वाढलेला रक्तदाब नवा की जुना, हे तज्ज्ञालाही सांगणे अवघड जाते.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत रक्तदाब 140/90 किंवा अधिक आढळल्यास, अथवा हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली असल्यास, माता व बाल संरक्षण कार्डावर जोखमीची खूण म्हणून लाल स्टिकर लावावे. स्टिकर लावले की काम संपले, असे मात्र समजू नये.

खरी गफलत होते ती महिलेला मोठ्या रुग्णालयात पाठवताना दिलेल्या संदर्भचिठ्ठीत. ‘पुढील उपचारार्थ’ एवढाच शेरा कोणाच्याही उपयोगाचा नसतो. रक्तदाब किती वाजता मोजला, लघवीत प्रथिने किती आढळली, झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची किती मात्रा केव्हा दिली आणि ती शिरेतून की स्नायूत, हे स्पष्ट अक्षरात लिहावे. अन्यथा पुढील रुग्णालयात तीच मात्रा दुबार दिली जाण्याचा धोका असतो. 108 रुग्णवाहिका निघण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः त्या रुग्णालयात फोन करून भूलतज्ज्ञ हजर आहेत का आणि महिलेच्या गटाचे रक्त उपलब्ध आहे का, हे विचारावे, कारण केवळ स्त्रीरोगतज्ज्ञ असून सिझेरियन होत नाही.

रुग्णालयानेही डिस्चार्ज कार्डाची प्रत आरोग्यसेविकेकडे पाठवावी. बाळंतपणानंतरही रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात, म्हणून गृहभेटीत बाळाचे वजन करतानाच आईचा रक्तदाबही मोजावा.