भविष्यातलं व्हर्च्युअल घर बनवायचंय? आधी ऊन कुठून येतं ते ठरवा

व्हर्च्युअल घर बनवायला बसलं की बहुतेक जण आधी भिंती उभ्या करतात, मग काचा, मग निळे लाइट, आणि सगळं झाल्यावर शेवटी झाडं आणून ठेवतात. माझं पहिलं घर असंच होतं, चारी बाजूंनी काच आणि बाहेर जंगल, स्क्रीनशॉट छान यायचे पण हेडसेट घालून आत गेलं की पाच मिनिटांत बाहेर यावंसं वाटायचं, कारण वारा सुटला तरी पडदा हलत नव्हता, ऊन सरकत नव्हतं, पाऊस काचेपलीकडे पोस्टरसारखा पडत होता. तेव्हापासून एकच गोष्ट धरून ठेवलीये, बाहेर काही झालं की आत काहीतरी बदललं पाहिजे.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ पासून ओपन सोर्स आहे, शिकायला साहित्य भरपूर मिळतं. आत फिरायचं असेल तर तेच मॉडेल अनरियल किंवा युनिटी या गेम इंजिनात न्यायचं. पॉली हेवन या वेबसाइटवर आकाशाची चित्रं आणि टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) मोफत मिळतात.

पहिल्या दिवशी फक्त जमीन करा. थोडा उतार द्या, पाणी कुठून कुठे वाहील ते बघा, मग अक्षांश ठरवा आणि सूर्य लावा. दुपारी सूर्य किती उंच असेल याचा हिशेब साधा आहे, ९० मधून अक्षांश वजा करा, मग उन्हाळ्याच्या टोकाला २३.५ मिळवा आणि हिवाळ्याच्या टोकाला २३.५ वजा करा (उत्तर ९० च्या वर गेलं तर सूर्य डोक्यावरून पलीकडे गेला असं समजायचं). समजा ४० अक्षांश धरला, तर उन्हाळ्यात ७३.५ अंश आणि हिवाळ्यात २६.५. आता सूर्याकडे तोंड असलेल्या खिडकीच्या अगदी वर एक मीटर पुढे येणारा छज्जा काढा, उन्हाळ्याच्या त्या दुपारी त्याची सावली जवळजवळ ३.४ मीटर खाली येते म्हणजे अख्खी खिडकी सावलीत, आणि हिवाळ्यात तीच सावली फक्त अर्धा मीटर, बाकी ऊन सरळ आत, पार मागच्या भिंतीकडे जाणारं. एका छज्ज्याने घराला ऋतू कळायला लागतात, एकही सेन्सर न लावता! ब्लेंडरमध्ये सन पोझिशन नावाचं ॲडऑन (वेगळं जोडायचं साधन) आहे, त्यात अक्षांश, तारीख आणि वेळ टाकली की हे सगळं डोळ्यासमोर दिसतं. त्याच बाजूला पानझडी झाड लावलं तर अजून मजा, उन्हाळ्यात पानांतून पडणारे कवडसे जमिनीवर हलतात आणि हिवाळ्यात झाड मोकळं होऊन ऊन आत सोडतं.

झाडं एकेक हाताने ठेवू नका. ब्लेंडरच्या जिऑमेट्री नोड्समध्ये (नियम देऊन वस्तू आपोआप मांडायची सोय) पॉइंट पसरवून त्यावर इन्स्टन्स, म्हणजे त्याच झाडाच्या प्रती, लावा, प्रत्येकाला उभ्या अक्षाभोवती वेगळं फिरवा, आकार ०.८ ते १.२ पटीत कमीजास्त करा, तीन-चार जाती मिसळा, एखादं वाळलेलं आणि एखादं पडलेलं झाडही ठेवा. सगळी एकाच वयाची झाडं असली की डोळ्याला लगेच खोटं वाटतं.

पावसावर मात्र वेळ घालवा, मी सगळ्यात जास्त वेळ इथेच देते. आकाशातून रेषा पाडणं सोपं आहे, खरं काम पाणी छपरावर पडल्यावर सुरू होतं. छपराला उतार, मग पन्हळ, पन्हळीतून साखळीवरून उतरणारं पाणी आणि खाली दगडी कुंड, कुंड भरलं की बागेकडे जाणारा बारीक पाट. जिथे पन्हळ नाही तिथे पागोळ्या गळतात, आणि पागोळ्यांच्या बरोबर खाली मातीत ओळीने छोटे खळगे पडलेले असतात, ते मॉडेलमध्ये करा, कोरड्या दिवशीसुद्धा कळतं की इथे पाऊस पडून गेलाय. मटेरियलसाठी, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसतो त्या सेटिंगसाठी, एक ओलेपणाचा स्लायडर बनवा, शून्य म्हणजे कोरडं आणि एक म्हणजे चिंब. लाकूड, माती, काँक्रीट असं पाणी शोषणारं जे आहे ते ओलं झाल्यावर गडद होतं, म्हणून तिथे रंग थोडा काळपट करा आणि रफनेस (खरखरीतपणा, कमी केला की चकाकी येते) ०.८ वरून ०.२ पर्यंत आणा. काच आणि धातू गडद होत नाहीत, त्यांच्यावर फक्त थेंब. पाऊस थांबला की उंचवटे आधी वाळतात आणि फटी, खळगे सगळ्यात शेवटी. ज्या कोपऱ्यात ऊन पोचतच नाही तिथे शेवाळ.

भविष्याचं काय, तर निऑन आणि हवेत तरंगणाऱ्या खोल्या मला पटत नाहीत, त्यात निसर्गाशी नातं काहीच नसतं. खऱ्या जगातच आधार भरपूर आहे. हॅम्बुर्गमध्ये २०१३ साली एक इमारत झाली तिच्या भिंतीवरच्या काचेच्या पॅनलमध्ये शेवाळ वाढतं आणि त्यातून उष्णता आणि बायोमास मिळतो. मिलानमधल्या बोस्को व्हर्टिकाले या दोन टॉवरच्या बाल्कन्यांत शेकडो झाडं आहेत. विजेने गडद होणारी काच तर आज बाजारात मिळते. यातलं एकच घ्या आणि पुढे न्या. उदाहरणार्थ शेवाळाची भिंत, सकाळी फिकट हिरवी, जसं ऊन चढेल तसे आत बुडबुडे वाढतात आणि आतला प्रकाश हिरवट होतो, ढग आला की मंद. सूर्याचा कोन त्या मटेरियलला जोडला की झालं.

खिडक्या उभं राहून ठरवू नका. बसलेल्या माणसाचा डोळा साधारण १.२ मीटरवर असतो, झोपलेल्याचा त्याहून बराच खाली, कॅमेरा तिथे ठेवा आणि मग खिडकी कापा. रॉजर उलरिच या संशोधकांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या रुग्णांचा अभ्यास छापला होता, ज्यांना पलंगावरून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. म्हणून पलंगावरून काय दिसतं हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

आवाज विसरू नका. दार उघडं असताना पानांची सळसळ, बारीक सर, पक्षी सगळं ऐकू येतं, दार लावलं की वरचे सूर आधी गळतात, म्हणजे सळसळ जवळजवळ गायब आणि ढगांचा गडगडाट मात्र तसाच. दाराच्या कोनाला लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवून खालचे सोडणारा) जोडा, पाच मिनिटांचं काम आहे पण आत आल्याची जाणीव त्यानेच होते.

हेडसेटवर चालवायचं असेल तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ७२ किंवा ९० वर टिकला पाहिजे, नाहीतर गरगरतं. बहुतेक वेळा भार पानांचा असतो, एकावर एक पारदर्शक पानं आली की मशीन दमतं, तेव्हा लांबची झाडं साधी ठेवा आणि जवळची दोन-तीनच नीट करा. प्रकाश बेक केला, म्हणजे आधीच मोजून पृष्ठभागावर कायमचा उमटवला, तर तो हलत नाही, म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ असे वेगळे बेक करून एकातून दुसऱ्यात न्या.

सगळं झालं की दिवसाची लांबी २४ मिनिटं करा, म्हणजे एका मिनिटात एक तास, आणि फिरू नका, घरात एका जागी जमिनीवर बसून अख्खा दिवस बघा. कवडसा कुठून कुठे गेला, सावली कधी पायाशी आली, कुठून उठावंसं वाटलं नाही ते लिहून ठेवा. फर्निचर त्यानंतर आणा, आणि पहिलं बाकडं त्याच जागी ठेवा.