ओटिस स्पॅनचा 1960 चा अल्बम ऐकावा कसा, हाताखाली आणावा कसा

आधी ब्लूज गायक मडी वॉटर्सचं 1954 चं 'हूची कूची मॅन' लावा आणि त्यातला फक्त पियानो शोधा. विजेची गिटार आणि माउथ ऑर्गन यांच्या मागे पियानोवादक ओटिस स्पॅन वाजवतोय. हेडफोन असतील तर बरं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शिकागो ब्लूजमध्ये पियानो बहुधा असाच मागच्या रांगेत असायचा.

मग 'ओटिस स्पॅन इज द ब्लूज' लावा. कँडिड कंपनीसाठी न्यूयॉर्कमध्ये 23 ऑगस्ट 1960 ला झालेलं हे ध्वनिमुद्रण. ड्रम नाही, बास नाही. सोबत फक्त रॉबर्ट लॉकवूड ज्युनियरची गिटार. त्यामुळे स्पॅनचा डावा हात स्वच्छ ऐकू येतो, आणि खरं शिक्षण तिथेच आहे.

ब्लूजचं नेहमीचं आवर्तन 12 घरांचं (घर म्हणजे बार), प्रत्येक घरात 4 मात्रा. सा पांढरी एक धरला तर 4 घरं सा चा कॉर्ड, 2 म चा, 2 सा चा, मग प आणि म एकेक, शेवटी 2 सा चा. अल्बममधलं शेवटचं 'वरीड लाइफ ब्लूज' मात्र 8 घरांचं आहे. तिथे 12 मोजत बसलात की तिसऱ्या घरातच चुकाल. हे गाणं ब्लूज पियानोवादक बिग मेसिओचं, 1941 चं. स्पॅनचा जड डावा हात कुठून आला ते कळण्यासाठी मूळही ऐकाच.

आता वाजवा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर, डावा हात एकटा. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा. दोन समान भाग पडले की लयीचा झोका जातो. नवशिक्यांची हीच चूक सर्वांत जास्त. डावा हात न बघता चालायला लागेपर्यंत उजवा लावू नका.

उजव्या हाताची पहिली गोष्ट: काळी दोनवरून (कोमल ग) तेच बोट पांढरी तीनवर (शुद्ध ग) घसरवायचं, वर प धरून. दोन वेगळी बोटं वापरलीत तर स्वर सुटे पडतात, ती कळ येत नाही. ट्रेमोलो (दोन स्वर झपाझप आलटूनपालटून वाजवणं) बोटांनी नाही, मनगटासकट कोपरापर्यंतचा हात फिरवून. हात भरून आला तर जोर लावताय, थांबा.

शेवटी लॉकवूड गातो ती चार गाणी घ्या. गायकाची ओळ चालू असताना स्पॅन किती वाजवतो आणि ओळ संपल्यावर किती, ते घराघरानं कागदावर मांडा, मग त्याच जागा धरून साथ करा.