जुन्या मसल कारमध्ये नवं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवताय? या चुका टाळा

शेव्हरोलेची १९६८ ते ७२ मधली शेव्हेल किंवा १९६७ ते ६९ मधली कॅमॅरो, म्हणजे मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार, घ्यायची, दमलेलं इंजिन उतरवायचं आणि भंगारात निघालेल्या सिल्व्हरॅडो पिकअपचं ५.३ लिटरचं एलएस (जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं व्ही-८ इंजिन) त्यात टाकायचं. डेट्रॉइटच्या आसपास हे वेड जुनं आहे, आणि आता इथल्या आपल्या मराठी पोरांनाही ते लागलंय. मला त्याचा आनंद आहे. पण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक, असते, आणि जुलै लागला की त्याच त्या तक्रारींचे फोन सुरू होतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, घाई.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) पूर्ण आत न बसवता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनाला जोडणं. कन्व्हर्टर तीन ठिकाणी बसावा लागतो: आधी इनपुट शाफ्टच्या खाचांवर, मग स्टेटरच्या स्थिर नळीच्या खाचांवर, आणि शेवटी त्याचा गळा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाच्या फिरत्या भागात. फिरवत फिरवत ढकलला की प्रत्येक टप्प्याला तो ‘खट्’ करून आत उतरतो. दोन ‘खट्’ ऐकून लोक थांबतात. तिसरा टप्पा राहिला की बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचा पुढचा घंटेसारखा भाग) आणि इंजिन यांच्यात बोटभर फट उरते.

ओळखीतल्या एका मुलाच्या शेव्हेलवर नेमकं हेच झालं. ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, रात्रीची वेळ, दोन मित्र मदतीला. फट मिटेना. कोणीतरी म्हणालं, बोल्टने ओढून घेऊ. घेतली. बोल्ट कसताना तो कन्व्हर्टर थेट पंपावर दाबला जात होता. सकाळी गाडी चालू केली तर खालून शिट्टीसारखा बारीक आवाज, आणि ‘डी’मध्ये टाकून गाडी जागची हलेना. गिअरबॉक्स उतरवून पंप उघडला तेव्हा आतला रोटर दुभंगलेला होता आणि तेलात चांदीसारखी चमकणारी पूड. ती पूड कूलरच्या नळ्यांपर्यंत गेली होती, म्हणजे पंपासोबत कूलरही बदलणं आलं. त्या वर्षीची क्रूझ त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली.

बोल्ट हा दोन भाग धरून ठेवायला असतो, ओढून आणायला नाही. बेलहाउसिंग हाताने ढकलून सपाट टेकलं पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि तो फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाच्या मागच्या चकतीपर्यंत) साधारण ३ ते ५ मिलिमीटर पुढे ओढावा लागला पाहिजे. मी गिअरबॉक्स तोंड वर करून उभा करतो, कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओततो आणि मगच तो बसवतो. जॅकवर चढवताना तो पुढे सरकू नये म्हणून बेलहाउसिंगला एक पट्टी आडवी बांधतो. एवढी काळजी नको वाटते त्यांनी हे काम अंगावर घेऊच नये.

दुसरी चूक प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या, कोनाची. टी-५६ सारखा सहा गिअरचा जाडजूड बॉक्स जुन्या टनेलमध्ये (गाडीच्या तळाला मधोमध असलेल्या पत्र्याच्या उंचवट्यात) सरळ मावत नाही. मग टनेल कापायला हात धजावत नाही म्हणून बॉक्सची शेपटी खाली सोडतात. गाडी चालते, पण ताशी ६० मैलांच्या पुढे सीट थरथरते. त्यावर चाकं बॅलन्स करून होतात, टायर बदलून होतात, शाफ्ट मशीनवर जाऊन येतो, थरथर तशीच.

गाडी स्वतःच्या चाकांवर, पूर्ण वजनानिशी उभी करा आणि कोनमापक लावा. गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट आणि मागचा पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमध्ये शिरणारा शाफ्ट) समांतर हवेत, आणि प्रोपेलर शाफ्टच्या टोकांच्या प्रत्येक क्रॉस सांध्यावर कोन १ ते ३ अंशांत हवा. कॅमॅरोला मागे पाटे आहेत, तिथे पाचर घालून पिनियन फिरवता येतो. शेव्हेलला वरचे आर्म बदलावे लागतात. आणि टनेल खरंच कापायचा असेल तर कापा. पत्रा पुन्हा जोडता येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स धरणाऱ्या माउंटला पक्कं वेल्डिंग मात्र हे सगळं मोजून झाल्यावरच, तोवर नुसते टाके.

पिकअप गाडीच्या इंजिनाचा ऑइल पॅन तसाच ठेवू नका. तो पुढच्या क्रॉसमेंबरच्या खाली लोंबतो आणि पहिल्या उंचवट्याला फुटतो. पॅन बदलताना त्यातून तेल ओढणाऱ्या नळीची ओ-रिंग (रबरी कडी) नवी घाला. ऑइल प्रेशर आलं नाही तर पहिला संशय तिच्यावरच घ्या, चिमटली गेली की पंप हवा ओढतो.

हेडमधून वाफ काढणारी बारीक नळी बुजवू नका, रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडा.

जुन्या कार्ब्युरेटरला पेट्रोलचा ५-७ पीएसआय दाब पुरत होता, एलएसला ५८ लागतो. जुने रबरी पाइप त्यावर टिकत नाहीत. आग लागते, आणि या एका बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

सेल्फ मारला की इंजिनाचा कॉम्प्युटर बंद पडत असेल तर सेन्सर बदलत सुटू नका. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर दोष अर्थिंगचा आहे. ब्लॉक, चेसिस आणि बॉडी, तिन्हींना जाड वायर द्या. जोडाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा आणि मगच बोल्ट कसा.