दात खाण्यावर बोटॉक्स घेताय? या चुका टाळा

"मॅडम, सुई घेऊन महिना झाला. ही म्हणते, तुम्ही अजून रात्री दात खाताच. पैसे पाण्यातच गेले ना?"

नाही हो काका, गेले नाहीत. फक्त सुई कशासाठी आहे, हे तुम्हाला कुणी धड सांगितलं नाही. दात खायची लहर झोपेत मेंदूतून येते आणि सुई आपण देतो गालाच्या स्नायूला. 'आवळ' हा निरोप नसेकडून स्नायूकडे नेणारं रसायन सुईतलं औषध, म्हणजे बोटॉक्स, अडवून धरतं, एवढंच. लहर येते, दात घासतातही, पण जोर निम्माशिम्मा. सकाळी कानशील ठणकत नाही, जबडा आखडत नाही, ही कमाई. सवय मोडेल या आशेवर सुई घेणं ही पहिली चूक.

पण माझा खरा राग आहे तो घाईवर. या औषधाचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसायला लागतो, पूर्ण जोर दोन आठवड्यांनी कळतो आणि तीन-चार महिन्यांत ते उतरतं. हे सांगूनही पाचव्या दिवशी फोन येतोच. एकदा मीच त्या फोनला बळी पडले. प्रॅक्टिस नवी, गाव सोलापूर. चाळिशीचे एक कंत्राटदार, दात आवळले की जबड्याच्या कोनावर लिंबाएवढा गोळा उठायचा. दोन्ही बाजूंना 25-25 युनिटं दिली (युनिट हे या औषधाचं माप). सहाव्या दिवशी स्वारी दारात. "काहीच फरक नाही, अजून थोडं मारा की." पेशंट हातचा जाईल या भीतीने मी आणखी 15-15 दिली. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या शेतावरून फोन आला. हुरड्याचे दिवस. "पाहुणे हुरडा खातायत आणि मी नुसतं दही-गूळ चाटत बसलोय. दोन घास चावले की जबडा गळून जातो." आता काय करणार? दिलेलं औषध परत काढून घेता येत नाही. दीड महिना त्या माणसाने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि तेवढे दिवस मी त्यांचे फोन घेतले.

तेव्हापासून केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने तारीख घालते: चौदावा दिवस. त्याआधी कुणीही आलं, कितीही ओळखीचं असलं, तरी सुई नाही. चौदाव्या दिवशी बोटं गालावर ठेवते, दात आवळायला सांगते आणि मगच ठरवते. दर महिन्याला 'टच-अप' मागणाऱ्यांनाही हेच उत्तर. तीन महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा घेतलं तर शरीर त्या औषधाविरुद्धच तयार होऊ शकतं, मग पुढे ते लागूच पडत नाही.

दुसरी चूक नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, कपाटात टाकण्याची. "आता सुई घेतलीय, तो प्लास्टिकचा तुकडा कशाला?" अहो, जोर कमी झालाय, घासणं थांबलेलं नाही. दाताचं झिजलेलं आवरण परत उगवत नाही. माझ्या मते गार्ड आधी, सुई नंतर. आणि गार्डने भागत असेल तर सुई नाहीच. बाजारात मिळणारे मऊ, गरम पाण्यात घालून बसवायचे गार्ड मला पटत नाहीत. काही जण ते च्युइंगमसारखे चघळत बसतात.

घोरणाऱ्या माणसाला मी सुईआधी झोपेच्या तपासणीला पाठवते. झोपेत श्वास अडकणं आणि दात खाणं बरेचदा जोडीने सापडतं. हे पेशंटला विचारून उपयोग नाही, त्याच्या बायकोला विचारावं.

स्वस्त कुठे मिळतं म्हणून युनिटांचे भाव विचारत फिरू नका. बोटॉक्सचं एक युनिट म्हणजे डिस्पोर्ट या तशाच दुसऱ्या ब्रँडचं एक युनिट नव्हे. सुई देणाऱ्याने आधी गालावर पेन्सिलने खुणा केल्या नाहीत तर मी खुर्चीतून उठेन. औषध पुढे सरकून हसण्याच्या स्नायूत गेलं की हसू वाकडं होतं आणि लग्नाच्या फोटोत ते कायमचं राहतं.

सुईनंतर त्या दिवशी गाल चोळू नका, मालिश नको.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, तर ते आधी सांगा.

नैराश्याच्या काही गोळ्यांनी दात खाणं वाढतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

दिवसा कॉम्प्युटरसमोर दात आवळणाऱ्यांना मी सुई देतच नाही. स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी लावायला सांगते: ओठ मिटलेले, दात सुटे. चिडतात, पण लावतात.

आणि सहा वर्षांच्या नातवाला घेऊन येणाऱ्या आजींना: जंतांचं औषध द्यायचं तर बालरोगतज्ज्ञांना विचारून द्या. दात खाण्याचा जंतांशी संबंध जोडू नका, आणि त्याच्यासाठी सुईचं तर नावही काढू नका. बहुतेक मुलांचं वाढत्या वयात आपोआप थांबतं.