सुमो रोबोटचं चाक घसरतंय? या चुका टाळा

सुट्टीच्या दिवशी फोंड्यात आमच्या पडवीवर मुलं मिनी सुमोचे, म्हणजे एकमेकांना रिंगणाबाहेर ढकलणारे छोटे रोबोट घेऊन येतात. तक्रार ठरलेली: "दादा, ग्रिप नाही!" टायर बदलायची घाई इथेच नडते. रोबोट भिंतीला टेकवा, पूर्ण वेग द्या आणि चाकांकडे बघा. चाकं जागच्या जागी फिरली तर पकड कमी. चाकंच थांबली आणि मोटर नुसती गुरगुरली तर पकड भरपूर आहे, जोर कमी पडतोय. मग लहान चाक घाला नाहीतर गिअर बदला. हे दोन सेकंदांत उरका. अडलेली मोटर सर्वांत जास्त करंट ओढते आणि ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं सर्किट, जळू शकतं.

पकड खरंच कमी असेल तर आधी वजन कुठे बसलंय ते बघा. वजनाची मर्यादा 500 ग्रॅम, म्हणजे 4.9 न्यूटन. त्यातलं एक तृतीयांश बॉल कॅस्टरवर, म्हणजे टेकूच्या फिरत्या गोळीवर गेलं, तर चाकांवर 3.3 न्यूटनच उरतं, आणि रेटा त्याच प्रमाणात घटतो. बॅटरी आसाच्या वर सरकवा. पुढचं पातं रिंगणाला टेकून राहील एवढं वजन मात्र पुढे हवंच.

टायरवर खाचा पाडू नका. खाचा चिखलासाठी, गुळगुळीत रिंगणावर त्या टेकणारं रबर कमी करतात.

घरी टायर ओतताना मी स्वतः फसलोय. हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन साच्यात जाड भरलं. ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात वर साय पटकन धरली, मी खुशीत साचा उघडला, आत नुसता चिकट लगदा! दोन भाग मिसळायचं सिलिकॉन घ्या, शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) 20 ते 30 कडकपणाचं. त्यातही प्लॅटिनमवालं (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) असेल तर गंधक असलेली माती साच्याला किंवा लेटेक्सचे हातमोजे हाताला नकोत. त्यांना लागलं की हे सिलिकॉन सुकतच नाही.

एवढं करून रोबोट अंगणात चालवला की तांबडी धूळ टायरवर बसते आणि सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक लढतीआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चिकट काही फासायच्या फंदात मात्र पडू नका. बऱ्याच स्पर्धांत रोबोट ए-4 कागदावर ठेवून उचलतात. कागद दोन सेकंदांहून जास्त चिकटून राहिला तर रोबोट बाद. घरूनच एक कोरा कागद पिशवीत टाका.