‘वेलकम’च्या एका ओळीने अडलेला बॅकअप

नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रीचा बॅकअप माझ्याकडे होता. एका सकाळी पाहते तर आरसिंक, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइली नेणारं साधन, बंद पडलेलं. एरर म्हणत होती, प्रोटोकॉल व्हर्जन जुळत नाही. आणि पुढे प्रश्न, तुमचं शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) स्वच्छ आहे का? मी ‘व्हर्जन’ हा शब्द धरून बसले आणि अर्धा दिवस दोन्ही मशीनवरचं आरसिंक तपासत राहिले. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने, लॉगिन नीट होत होतं, त्यामुळे शेलवर संशयच गेला नाही.

मग एसएफटीपी, म्हणजे एसएसएचवरूनच फाइली पाठवणं, करून पाहिलं. तिथे ‘मेसेज फार मोठा आला’ आणि एक आकडा: १४६६२६४६७५. आमच्या सीनियर म्हणाल्या, “हेक्समध्ये कर बघू.” म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत. आलं ५७, ६५, ६सी, ६३. आस्की तक्त्यात, म्हणजे अक्षरांच्या आकडी कोडच्या यादीत, लावलं तर डब्ल्यू, ई, एल, सी. ‘वेलकम’ची पहिली चार अक्षरं! एसएफटीपी पहिले चार बाइट पॅकेटची लांबी म्हणून वाचतं, आणि तिथे कुणाचं तरी स्वागत येऊन बसलं होतं.

सर्व्हरवरचं शेल होतं बॅश. ते सुरू होताना वाचतं त्या बॅशआरसी फाइलमध्ये आदल्या दिवशी कुणीतरी एको, म्हणजे मजकूर छापणारी कमांड, टाकला होता. एसएसएचवरून नुसती एखादी कमांड चालवली, तरी बॅश ती फाइल वाचतं. एकोचा मजकूर आणि बॅकअपचा डेटा एकाच आउटपुटमधून येतात, आणि पलीकडच्याला त्यातलं वेगळं काढता येत नाही.

तपासणी मिनिटभराची आहे. एसएसएचने पलीकडे फक्त ‘ट्रू’ ही काहीच न छापणारी कमांड चालवा, आउटपुट फाइलमध्ये घ्या. फाइल शून्य बाइटची असायलाच हवी.

दुरुस्ती करताना एक लॉगिन उघडं ठेवून दुसऱ्यातून बदल करा, हे अगदी कळकळीने सांगते. फाइल बिघडली तर परतीची वाट राहते. बॅशआरसीमध्ये $- या व्हेरिएबलमध्ये छोटा ‘आय’ आहे का, म्हणजे समोर माणूस बसून शेल वापरतोय का, ते पाहायचं, नसेल तर तिथूनच रिटर्न, म्हणजे पुढची फाइल वाचायचीच नाही. उबुंटू आणि डेबियनच्या मूळ फाइलमध्ये ही तपासणी वरच असते. पुष्कळदा नवी ओळ तिच्याही वर चिकटवली जाते आणि घोटाळा होतो. एको, एसटीटीवाय (टर्मिनलच्या सेटिंगची कमांड) वगैरे सगळं तिच्या खाली.

पाथ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, मात्र वर ठेवा. मी तोही खाली ढकलला होता, आणि त्या रात्री बॅकअप पुन्हा थांबला: ‘कमांड नॉट फाउंड’.