घरच्या पीसीवर एकापेक्षा जास्त अँटिव्हायरस ठेवायचे असतील तर

इंदूरला जेल रोडवर पीसी रिपेअरला दिला की बऱ्याचदा एखादा अँटिव्हायरस टाकूनच परत मिळतो, घरी आधीचा असतोच, वर कोणीतरी सांगतं की दोन असले तर डबल सेफ्टी. हे साफ चूक आहे. रियल टाइम प्रोटेक्शनवाला, म्हणजे सतत मागे चालू राहून पहारा देणारा, एकच ठेवायचा, बाकीचे फक्त बोलावलं की स्कॅन करणारे. प्रत्येक अँटिव्हायरस विंडोजमध्ये आपला फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे मध्ये बसणारा छोटा प्रोग्राम, बसवतो आणि उघडणारी प्रत्येक फाइल आधी तो तपासतो, दोन असले की एकच फाइल दोघं धरतात, मशीन रखडतं, आणि एकाने क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळं कोंडून, टाकलेलं दुसऱ्याला व्हायरस म्हणून सापडतं.

आधी कोण चालू आहे ते बघा: विंडोज सिक्युरिटी, सेटिंग्ज, मॅनेज प्रोव्हायडर्स. विंडोज १० किंवा ११ असेल तर माझं मत स्पष्ट आहे, डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, ठेवा, घरच्या वापराला पुरतो. दुसरा टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, त्याला हाताने बंद करायच्या भानगडीत पडू नका.

आता जुना काढणं. इथेच मी रामबागेतल्या मावशीच्या पीसीवर दोन रविवार घालवलेत. कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल केला, लिस्टमधून नाव गेलं, मला वाटलं झालं काम, पण पीसी तसाच रांगत होता, कारण ड्रायव्हर मागे राहिला होता. म्हणून नुसतं अनइन्स्टॉल पुरेसं आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बहुतेक कंपन्या आपला रिमूव्हल टूल फुकट देतात, तो त्याच कंपनीच्या साइटवरूनच घ्या, आणि सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्या गोष्टींवरच चालू होतं तो मोड) जायच्या आधी डाउनलोड करा, साध्या सेफ मोडमध्ये नेट नसतं, मी तिथे जाऊन अडकलोय. अकाउंटचा पासवर्डही आठवत असू द्या, पिन तिथे कधीकधी चालत नाही. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ४ दाबा. टूल चालवा, मग नेहमीसारखं चालू करा.

लगेच खात्री करा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एफ-एल-टी-एम-सी (fltmc) ही पाच अक्षरं स्मॉलमध्ये टाइप करून एंटर दाबा. ड्रायव्हरांची यादी येते, अल्टिट्यूडच्या रकान्यात ३२०००० ते ३३०००० मधले अँटिव्हायरसचे. डब्ल्यूडीफिल्टर हा डिफेंडरचा. जुन्या अँटिव्हायरसचा ड्रायव्हर अजून दिसला तर तो गेलेला नाही, टूल पुन्हा चालवा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सगळ्या सेटिंग्ज जिथे साठतात तिथे) हाताने खोडाखोड अजिबात नको, चुकलं तर विंडोजच उठणार नाही.

जोडीला दुसरा हवाच तर मालवेअरबाइट्सचा फ्री चालेल, फक्त सोबत येणारी १४ दिवसांची प्रीमियम ट्रायल बंद करा, नाहीतर तोही रियल टाइम सुरू होतो. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनरही चांगला, पण डाउनलोडपासून १० दिवसांनी तो कालबाह्य होतो, दरवेळी नवा घ्या. फायरवॉलसुद्धा एकच.

शेवटी आयकार (EICAR) या अँटिव्हायरस तपासायची टेस्ट फाइल देणाऱ्या संस्थेच्या साइटवरची ६८ अक्षरांची टेस्ट ओळ नोटपॅडमध्ये सेव्ह करून बघा, ती निरुपद्रवी आहे, अँटिव्हायरस जागा आहे का एवढंच कळतं. एकाच प्रोग्रामचा इशारा यायला हवा. दोघांचे आले तर परत सेफ मोड.